वयात येणाऱ्या मुलांचे 'नको' घरात ऐकले जाते का?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की मुंबईच्या उपनगरांत पहाट लवकर होते. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, अंधेरीचे क्रीडा संकुल, मुलुंड-भांडुपची मैदाने, जिथे जागा मिळेल तिथे मुले-मुली धावताना दिसतात. यातली बरीच मुले आपल्याच वस्त्यांमधली असतात. वडील पालिकेत सफाई कामगार किंवा एखाद्या सोसायटीत वॉचमन, आई चार घरची धुणीभांडी करणारी आणि घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. अंगावर वर्दी चढली तर सगळ्या घराचे दिवस पालटतील, या आशेवर ही मुले धावत असतात.

मूल मैदानावरून परत आले की आपण विचारतो, "आज किती मिनिटांत मारलेस?" "अंग कसे आहे? छातीत दुखले का? चक्कर आली का?" असे फार थोड्या घरांत विचारले जाते. मुलगी मैत्रिणीकडून उशिरा आली की "कुठे होतीस?" म्हणून ओरडा बसतो. पण "कोणी त्रास दिला का? तुला नको असलेले काही घडले का?" हे विचारायला आपली जीभ रेटत नाही.

मैदानावरचे दुखणे आणि मैत्रीतली जबरदस्ती हे दोन वेगळे विषय वाटतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. आपल्या शरीराला काय सोसते आणि काय सोसत नाही हे सांगण्याची सवय मुलाला घरात लागली असेल, तर ते मैदानावर थांबू शकते आणि एकांतातही "नको" म्हणू शकते. घरात त्याचे "नको" दरवेळी दाबले गेले असेल, तर दोन्ही ठिकाणी ते गप्प राहते. या गप्प राहण्याची किंमत काही घरांनी फार मोठी मोजली आहे.

धावताना गेलेली मुले

जून २०१४ मधील मुंबई पोलीस भरती अनेकांना आठवत असेल. पावसाळा तोंडावर आला होता, हवेत उकाडा आणि दमटपणा होता. मुलांना पाच किलोमीटर धावायचे होते. विक्रोळीत झालेल्या या चाचण्यांच्या काळात कोसळून किमान चार तरुणांचा मृत्यू झाला. गावाकडून आदल्या रात्री येऊन, मिळेल तिथे झोपून, अर्ध्या पोटी मैदानात उतरणारे उमेदवार भरतीत नेहमीच असतात. या मृत्यूंवर राज्यभर ओरड झाली आणि पुढे अंतर कमी करण्यात आले. आता पोलीस शिपाई पदासाठी मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक, असे मैदानी चाचणीचे एकूण ५० गुण असतात. राज्य राखीव पोलीस दलासाठी मात्र पाच किलोमीटरची अट आहे आणि २०२४ च्या भरतीत ठाणे जिल्ह्यात त्याच शर्यतीत पुन्हा एक तरुण गेला.

असे का होते, हे प्रत्येक घराने समजून घ्यायला हवे. धावताना शरीरात उष्णता तयार होते. अंगावरचा घाम सुकतो तेव्हा शरीर थंड होते. मुंबईच्या दमट हवेत घाम नुसता गळतो, सुकत नाही, म्हणून आतली उष्णता वाढत जाते. ती ४० अंशांच्या वर गेली की मुलगा बरळू लागतो, पाय लटपटतात आणि शुद्ध हरपते. हा उष्माघात. अशा वेळी त्याला सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये.

दुसरे कारण हृदयाचे. काही तरुणांच्या हृदयात जन्मापासून दोष असतो आणि रोजच्या जगण्यात तो कळतही नाही. धावताना छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, बेशुद्ध पडणे, किंवा घराण्यात कोणी ऐन तरुणपणी अचानक गेलेले असणे, यातली एक जरी गोष्ट असेल तरी हृदयाची पट्टी काढून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मुलाला धावू देऊ नये. घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर यांसारख्या पालिकेच्या रुग्णालयांत ही तपासणी होते. अंगात ताप असताना तर मुळीच धावू नये, कारण काही तापांत हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असते.

तिसरी गोष्ट खास आपल्यापैकी अनेकांसाठी आहे. ज्यांचे मूळ गाव नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात आहे, त्यांच्यात सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. हा रक्ताचा आजार आई-वडिलांकडून मुलांकडे येतो. ज्याला प्रत्यक्ष आजार नाही पण जो त्याचा वाहक आहे, असा तरुण एरवी धडधाकट दिसतो. मात्र अति उन्हात, पाणी न पिता, जिवाच्या आकांताने धावला तर त्याला धोका होऊ शकतो. रक्ताच्या साध्या तपासणीने हे कळते. वाहक म्हणून निदान झाले तर घाबरून खेळ सोडण्याचे कारण नाही. सराव हळूहळू वाढवावा, पाणी पीत राहावे आणि त्रास होताच थांबावे. तोच कागद पुढे लग्नाच्या वेळीही कामी येतो, कारण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

यातल्या प्रत्येक ठिकाणी शेवटचा उपाय एकच, तो म्हणजे थांबणे. आणि थांबायचे बळ घरातून मिळते. "नापास झालास तर तोंड दाखवू नकोस" असे ऐकून मैदानात गेलेला मुलगा छातीत कळ आली तरी धावत राहील. "ही भरती गेली तर पुढची येईल, तू सुखरूप घरी ये" असे ऐकून गेलेला मुलगा थांबेल. भरतीच्या आधी जिममध्ये कोणी देऊ करील ती पावडर, गोळी किंवा इंजेक्शन घेऊ नये, हेही त्याच वेळी सांगावे. दोन आठवड्यांत घाईने केलेल्या सरावापेक्षा तीन महिने रोज थोडे थोडे वाढवलेले धावणेच कामी येते.

मुलींचे रक्त आणि मुलींची लाज

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या दर १०० मुलींपैकी ५९ मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण १०० मागे ३१ होते. मुलगी ८०० मीटरमध्ये मागे पडते तेव्हा आपण तिला आळशी म्हणतो. तिचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर दोष तिच्या मेहनतीचा नसतो. शाळेतून आठवड्याला एक लोहाची निळी गोळी मिळते, ती फेकू नये. जेवणात पालेभाजी, मोडाची मटकी, अंडे, सुकट, गूळ-शेंगदाणे असावेत, भाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणाबरोबर चहा पिऊ नये, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. घरात अंडे एकच असेल तर ते मुलाच्याच ताटात का जाते, हाही प्रश्न आईने स्वतःला विचारावा.

पाळीत धावले तर काही बिघडते, हा गैरसमज आहे. त्रास होत नसेल तर खुशाल धावावे आणि होत असेल तर सांगून विश्रांती घ्यावी. खरी अडचण वेगळीच असते. मैदानावर मुलींसाठी स्वच्छ संडास नसतो, म्हणून मुली पाणीच पीत नाहीत. बायकांच्या मुताऱ्यांसाठी मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' ही मोहीम चालली ती याच दुखण्यातून. उन्हात तहानलेली धावणारी मुलगी चक्कर येऊन पडते आणि आपण म्हणतो, मुलींना हे झेपत नाही.

शाळेतही आता शारीरिक क्षमतेच्या चाचण्या होतात. 'खेलो इंडिया'च्या चाचणीत उंची-वजन, ५० मीटर आणि ६०० मीटर धावणे, पुढे वाकणे, जोर-बैठकांसारखे व्यायाम असतात. चाचणी चांगलीच आहे, कारण त्यातून मुलांची वाढ कळते. पण वर्गासमोर मोठ्याने वजन वाचून दाखवले की जाड मुलीला आणि काटकुळ्या मुलाला वर्षभर पुरेल अशी टोपणनावे मिळतात. मग ती मुले चाचणीच्या दिवशी पोटदुखीचे निमित्त करतात. वजन बाजूला घ्यावे, आकडा फक्त त्या मुलाला आणि पालकांना सांगावा, आणि व्यायाम शिकवताना अंगाला हात लावायचा असेल तर आधी विचारावे, अशी मागणी पालकसभेत करायला कोणी घाबरू नये. "हात लावू का?" असे मास्तरांनी विचारले की मुलालाही कळते की आपले अंग आपले आहे, मोठ्या माणसालाही विचारावे लागते.

गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे

आता दुसऱ्या विषयाकडे वळू. सोळा-सतरा वर्षांच्या मुला-मुलींना एकमेकांविषयी ओढ वाटते, यात पाप नाही. ते वयच तसे आहे. पण ओढ वाटणे वेगळे आणि समोरच्याने स्पर्शाला, फोटोला किंवा शरीरसंबंधाला होकार देणे वेगळे. सिनेमाने आपल्या मुलांना पिढ्यान् पिढ्या शिकवले की मुलगी "नाही" म्हणते तेव्हा मनातून "हो" असते आणि पाठलाग केला की ती वळते. हे खोटे आहे, असे वडिलांनी मुलाला स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे, हे कायद्याने मान्य करावे यासाठी या देशातल्या स्त्रियांना फार झगडावे लागले आणि त्या लढ्याची सुरुवात महाराष्ट्रातूनच झाली. मथुरा ही आदिवासी मजूर मुलगी होती. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात तिच्यावर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप होता. तेव्हा तिचे वय चौदा ते सोळा वर्षांच्या दरम्यान होते. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरले. भीतीने मान खाली घालणे म्हणजे संमती नव्हे, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते. पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडून दिले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, असा मुद्दा पुढे आला. पोलीस ठाण्याच्या आत, दोन पोलिसांसमोर एका गरीब मुलीने ओरडायचे ते कोणाच्या भरवशावर?

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८० मध्ये मुंबईत आणि इतर शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पुढे २०१३ च्या दुरुस्तीत संमतीची व्याख्याच लिहिली गेली. संमती म्हणजे स्वेच्छेने, शब्दांतून किंवा खुणेतून, निःसंदिग्धपणे दिलेला होकार, आणि केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे समजायचे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हीच व्याख्या आहे. एका मजूर मुलीच्या अपमानातून हे शब्द कायद्यात आले आहेत. आपल्या मुलांना ते माहीत असायला हवेत.

कायद्याची दुसरी बाजूही मुलांना सांगावी. २०१२ च्या 'पोक्सो' कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीचा होकार कायदा धरत नाही. मुलगी सतराची आणि मुलगा एकोणीसचा असेल, दोघांचे प्रेम खरे असेल, तरी शरीरसंबंध आला तर मुलावर गुन्हा दाखल होऊ शकतो. लग्न लावून दिले तरी सुटका नाही. पत्नी अठराच्या आतली असेल तर तिच्याशी संबंध हा बलात्कारच, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सांगितले आहे. म्हणून "बोभाटा व्हायच्या आत उरकून टाका" हा वस्तीतला सल्ला मुलीचे शिक्षण मोडतो आणि मुलाला तुरुंगाच्या दारात उभा करतो.

अत्याचार फक्त मुलींवर होतो, हाही भ्रम आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला आणि त्यांत मुलगे निम्म्याहून किंचित जास्तच होते. "मुलासारखा मुलगा आणि रडतोस काय?" हे वाक्य त्या मुलग्यांची तोंडे बंद करते.

आपल्या घरांतली भीती

आपले आई-वडील प्रेम या शब्दाला घाबरतात, त्यामागे जातीचा अनुभव आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे आपल्या समाजातील सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याला वरच्या मानल्या गेलेल्या जातीतील मुलीशी बोलल्यावरून मारून टाकण्यात आले. अशी बातमी वाचलेल्या आईने मुलाला "त्या फंदात पडू नकोस" म्हटले तर तिला दोष कसा द्यायचा? पण मारून आणि कोंडून मूल सुरक्षित होत नाही, ते फक्त लपवायला शिकते. मग संकट आले की सगळ्यात शेवटी घरी कळते.

बाबासाहेबांनी या विषयावर बोलायचे टाळले नाही. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे दिली जात. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये कर्व्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यावरून ते अश्लील ठरत नाही, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला, पण प्रश्न विचारण्याचा आणि उत्तर मिळण्याचा माणसाचा हक्क त्यांनी न्यायालयात मांडला. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांच्या परिषदेत त्यांनी हजारो आया-बहिणींना सांगितले की मुलांच्या लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे, आणि लग्न होणाऱ्या मुलीने नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण म्हणून उभे राहावे. बरोबरीच्या मैत्रिणीला विचारावे लागते आणि तिचे "नाही" मानावे लागते. पंचशीलातील तिसरे शील आपण रोज म्हणतो. मुलांना त्याचा अर्थ सांगायची वेळ हीच.

घरात काय करता येईल

लहानपणापासून सुरुवात करावी. पाहुण्याच्या मांडीवर बसायला, गालाची पापी द्यायला मूल नको म्हणत असेल तर जबरदस्ती करू नये. एका खोलीच्या घरातही मोरीला नीट पडदा असावा, मुलगी कपडे बदलत असताना पुरुषांनी बाहेर जायची शिस्त असावी. भावाला बहिणीच्या वहीत किंवा मोबाईलमध्ये न विचारता डोकावू देऊ नये.

मुलाशी बोलायला वेगळी बैठक नको. भाजी निवडताना, लोकलमधून जाताना, सराव संपवून परतताना चार वाक्ये पुरतात. "फोटो पाठव नाहीतर सोडून जाईन" म्हणणारा सोडून गेलेलाच बरा, हे मुलीला सांगावे. कोणी फोटोवरून धमकी दिलीच तर आपल्याकडे यावे, मार बसणार नाही, असा शब्द द्यावा आणि तो पाळावा. सायबर गुन्ह्यासाठी १९३०, संकटातल्या मुलांसाठी १०९८ आणि मन फार खचले तर १४४१६ हे क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवावेत.

दुर्दैवाने अल्पवयीन मुलगी गरोदर राहिली तर भोंदू दवाखाना गाठू नये, पालिकेच्या रुग्णालयात न्यावे. गर्भपातासाठी पालकांची लेखी संमती लागते. डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते, पण मुलीने व पालकांनी विनंती केली तर तिचे नाव न सांगता कळवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले आहे. नावाच्या भीतीने मुलीचा जीव धोक्यात घालू नये. पालिकेच्या अनेक रुग्णालयांत अत्याचार सोसणाऱ्या स्त्रिया व मुलींसाठी 'दिलासा' केंद्रे आहेत. त्यातले पहिले २००१ च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झाले.

बंधू-भगिनींनो, आपल्या आधीच्या पिढ्यांना "नको" म्हणायची सोय नव्हती. वेठबिगारीला नको म्हणता येत नव्हते, शिळ्या भाकरीला नको म्हणता येत नव्हते. तो हक्क लढून मिळाला आहे. आज रात्री जेवताना आपल्या मुलाला आणि मुलीला एवढेच विचारा, "तुला कशाचा त्रास होतोय का?" उत्तर लगेच येणार नाही. चार दिवसांनी पुन्हा विचारा. आणि जेव्हा ते बोलू लागेल, तेव्हा हातातला घास खाली ठेवून ऐका.